ट्रेल ओला म्हणून बंद, की मोडला म्हणून बंद?

वादळ होऊन तिसरा दिवस. आभाळ निवळलंय, ऊन कडक आहे, डांबरी रस्ता तर कधीच वाळलाय. सायकल घेऊन ट्रेलच्या, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या सायकलवाटेच्या, तोंडाशी पोचावं, तर तिथे अजून तीच लाल-पांढरी पट्टी आडवी आणि खाली पाटी: 'ट्रेल बंद'. कारण लिहिलेलं नाही. जमलेल्यांपैकी कुणीतरी वाकतो, माती बोटांत चोळतो आणि निकाल देतो, "वाळलंय की सगळं! पट्टी काढायची राहिली असेल." मग एकेक सायकल पट्टीखालून पलीकडे जाते.

मातीबद्दल त्याचं बरोबर असेलही. पण ती पट्टी मातीसाठी लावली होती, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं.

वादळानंतर माउंटन बाइकचे ट्रेल दोन अगदी वेगळ्या कारणांनी बंद होतात. एक बंदी ट्रेलला आपल्या चाकांपासून वाचवण्यासाठी असते, दुसरी आपल्याला ट्रेलपासून. पट्टी एकच, पाटी एकच, म्हणून घोळ होतो. आणि घोळ बहुतेक वेळा एकाच दिशेने होतो: दुसऱ्या बंदीला आपण पहिलीचे नियम लावतो.

आधी ओल्याचं बघू. शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. पावसानंतर जमीन अशा अवस्थेत यावी लागते की ती औताला चिकटत नाही आणि ढेकूळही दगडासारखं राहत नाही. ट्रेलचंही तसंच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर वाफसा आलाय. थप्पकन चपटा होऊन पडला, तर घरी जा. याहून सोपी खूण म्हणजे मागे वळून बघणं. टायरच्या नक्षीचा नुसता ठसा उमटत असेल तर चालेल, पण चर पडत असेल तर ट्रेल अजून तयार नाही. चेनस्टे (मागच्या चाकाला धरणारी फ्रेमची खालची दांडी) आणि टायरच्या मधे चिखल ठासून चाक फिरेनासं झालं, तर ती पाटी वाचायला तुम्ही जरा उशीर केलात.

एका चराने असं काय बिघडतं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ट्रेलच्या कामाला एक दिवस फावडं धरलं, तेव्हा हिशोब समजला. डोंगराच्या कुशीतून जाणारा नीट बांधलेला ट्रेल सपाट नसतो. दरीच्या बाजूला त्याला साधारण 5 टक्के उतार देतात, म्हणजे पाणी आडवं वाहून कडेने खाली उतरतं, ट्रेलवरून धावत नाही. आता वाट 60 सेंटिमीटर रुंद असेल तर 5 टक्के म्हणजे फक्त 3 सेंटिमीटरचा फरक. ओल्या पोयट्यात एका चाकाने 3 सेंटिमीटरचा चर सहज पडतो. तेवढ्याने तो सगळा उतार निकामी होतो. पुढच्या सरीचं पाणी कडेला न जाता त्याच चरात शिरतं, उताराबरोबर वेग घेतं आणि माती उपसत खाली नेतं. चराची घळ व्हायला मग दोन-चार मोठे पाऊस पुरतात. मधल्या काळात ऊन लागलं तर तोच चर विटेसारखा भाजून निघतो आणि पुढचं चाक त्यात अडकलं की ते आपल्या मनाने वळत नाही.

ही बंदी किती दिवसांची, हे मातीवर ठरतं. रेताड जमीन पाणी पटकन सोडते. उलट थोड्या ओलीने रेती घट्ट बसते आणि पकड सुधारते, म्हणून काही रेताड ट्रेल पावसानंतरच सगळ्यात छान असतात. चिकण मातीचा स्वभाव नेमका उलटा, ती पाणी धरून ठेवते आणि वरून वाळल्याचं नाटक करते. पापुद्रा कोरडा, खाली लोणी. मोकळ्या माळावरचा पट्टा एका दिवसात तयार होतो, पण त्याच ट्रेलचा झाडीतला, पालापाचोळ्याखालचा, सावलीच्या अंगाचा भाग आठवडाभर ओला राहू शकतो. थंड प्रदेशात आणखी एक गंमत: पहाटे माती गोठलेली असते तेव्हा ट्रेल दगडासारखा टणक, आणि दुपारी तोच राडा. सकाळी उघडा, दुपारी बंद. यात खोटं काहीच नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची. ट्रेल उघडा आहे आणि मधे एखादं डबकं आहे, तर त्यातून सरळ जा. कडेने वळसा घातलात की दुसऱ्या दिवशी वाट डबक्याएवढी रुंद झालेली असते. सायकल धुवावी लागेल, लागू दे.

दुसऱ्या बंदीशी उन्हाचा फारसा संबंध नाही.

वादळाने झाड पडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. मुळं मोडून खोड आडवं होतं, पण मुळांचा गड्डा मातीसकट उभा उचलला जातो आणि त्याजागी खड्डा राहतो. तो खड्डा बरोबर वाटेत आला, तर ट्रेलचा तेवढा तुकडा हवेत गेलेला असतो. वरून कापून खोडाचं वजन काढलं की तो गड्डा कधी कधी खाडकन परत जागेवर बसतो, खाली कोण आहे हे न बघता. वाकून दुसऱ्या झाडाखाली अडकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर लटकलेल्या फांद्या, तुटलेल्या पण पडलेल्या नाहीत. सायकलस्वाराची नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरवर असते, माथ्यावर कोण बघतंय?

वाऱ्याची दिशाही यात मोठी भूमिका बजावते. 26 आणि 27 नोव्हेंबर 2021 ला ब्रिटनमध्ये आलेल्या आर्वेन वादळात वारा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून आला. तिथली झाडं नेहमीच्या नैऋत्य वाऱ्याला सरावलेली, त्यांची मुळं त्या हिशोबाने रोवलेली. उलट्या बाजूने धक्का बसला आणि स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडमधली लागवडीची जंगलं पट्ट्यापट्ट्याने आडवी झाली. तिथले ट्रेल बंद राहिले ते चिखलामुळे नव्हे. एकमेकांवर रचलेल्या खोडांचा ढीग उपसायला यंत्रं लागतात, आणि ती चालू असताना त्या बाजूला कुणी फिरकू नये, हाही बंदीचाच भाग असतो.

पाऊस आणि वारा दोन्ही एकदम आले की काय होतं, ते सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाने दाखवलं. 26 सप्टेंबरच्या रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर कॅरोलिनाच्या पश्चिम डोंगररांगांत पोचलं. तिथे आदल्या दिवसांत आधीच पाऊस होऊन जमीन भिजलेली होती. माउंटन बायकर्समध्ये प्रसिद्ध असलेल्या पिस्गा राष्ट्रीय वनात झाडं पडली, दरडी आल्या, रस्ते आणि पूल वाहून गेले. तिथले काही ट्रेल महिनोन् महिने बंद राहिले. या काळात कोरडे दिवस कितीतरी येऊन गेले असणार. पण दरडीबरोबर डोंगराचा जो भाग खाली गेला, तो ऊन पडल्यावर वर चढत नाही.

दरडींचा आणखी एक स्वभाव लोक विसरतात. पाणी खोल मुरायला वेळ लागतो, त्यामुळे काही उतार पाऊस थांबल्यावर सरकतात. झाडांचंही तसंच: भिजून सैल झालेल्या मातीत मुळांची पकड ढिली असते, म्हणून वादळात टिकलेलं झाड चार दिवसांनी साध्या झुळकीने खाली येऊ शकतं. वाटेच्या वरच्या अंगाला जमिनीत समांतर भेग दिसली, किंवा लाकडी पुलाच्या टेकूखालची माती पाण्याने खरवडून नेलेली दिसली, तर पृष्ठभाग कितीही गुळगुळीत असू दे, तिथून उलटं फिरावं. पुलाच्या फळ्या वरून शाबूत दिसतात, हीच त्यातली मेख.

आणि गुळगुळीत तो असतोच. महिनाभर चाक फिरलं नाही, पाणी निथरलं, माती बसली, तर मोडला म्हणून बंद असलेला ट्रेल आतल्या पहिल्या किलोमीटरवर स्वप्नासारखा पळतो. मीही एकदा "वाळलंय की" म्हणणाऱ्यांच्या मागून गेलो होतो. तिसऱ्या वळणावर, सावलीत, हँडलबारच्या उंचीवर आडवं खोड. ब्रेक लागले, मागचं चाक घसरलं, गुडघा सोलला. मातीबद्दल आमचा एकही अंदाज चुकला नव्हता.

दोन्ही कारणं एकाच ट्रेलवर असतात, तेव्हा गुंता वाढतो. ओल्या वाटेवर झाड पडलंय, लोक त्याला खालच्या बाजूने वळसा घालतात, कडेची माती दबते, पाण्याची वाट मोडते, आणि झाड उचलल्यावरही तो वळसा राहतो. म्हणूनच ट्रेलफोर्क्ससारख्या ॲपवर ट्रेलची स्थिती, म्हणजे उघडा की बंद, आणि वाटेची अवस्था, म्हणजे ओली, कोरडी, चिखलाची, हे वेगवेगळं नोंदवतात. घाईत आपण फक्त 'कोरडा' एवढं वाचतो आणि शेजारचा 'बंद'चा लाल रंग सोडून देतो.

ट्रेल सांभाळणाऱ्यांना विचारायचं झालं, तर "वाळलाय का?" या प्रश्नाला ते बऱ्याचदा प्रामाणिकपणे "हो" म्हणतील. त्यापेक्षा "वादळानंतर वरपासून खालपर्यंत कुणी चालून आलंय का?" असं विचारा. कुणी गेलंच नसेल, तर पट्टी कशासाठी आहे हे त्यांनाही अजून पुरतं माहीत नसतं.

शेवटी पट्टी निघते तेव्हा दोन्ही बाजूंना कापलेल्या खोडांची ताजी तोंडं दिसतात, भुसा पडलेला असतो, मुळांच्या खड्ड्यात नवी माती भरलेली असते. ही माती अजून बसलेली नसते, आणि पहिल्या जोरदार सरीनंतर सगळ्यात आधी चर पडतात ते तिथेच. त्यामुळे मोडला म्हणून तीन महिने बंद असलेला ट्रेल उघडल्यावर आठवड्याभरातच पुन्हा बंद झाला, तर चिडू नका. या वेळी मात्र माती मुठीत दाबून बघायला हरकत नाही.