पेटी, कॅसेट, कार्ड आणि टॅब: खान्देशात पिक्चर साठवून बघण्याची पार्श्वभूमी

टॅबमध्ये पिक्चर आधी उतरवून घ्यायचा आणि नेट नसेल तिथं निवांत बघायचा, ही सोय मोठ्या ॲपवाल्यांनी आपल्याकडे २०१४ ते २०१६ या काळात आणली. त्यांच्या लेखी ती नवी होती. धुळे-जळगाव-नंदुरबारच्या माणसाला त्यात नवं काय वाटावं? पिक्चर कुठून तरी आणायचा, जवळ ठेवायचा आणि लाईट असेल तेव्हा बघून घ्यायचा, हे इथं दोन-तीन पिढ्या चालत आलंय. फरक पडला तो आणलेल्या पिक्चरवर हुकूम कोणाचा, यात. आणि तो फरक लहान नाही.

सुरुवात भुसावळपासून करायला हवी. मुंबईहून आलेली लाइन इथून एकीकडे नागपूरला, दुसरीकडे इटारसीला जाते. सुरतेची लाइन जवळच जळगावला येऊन मिळते. हिंदी पिक्चरच्या धंद्यानं देशाचे जे विभाग पाडले, त्यांत जळगाव-भुसावळचा मुलूख मुंबईकडे न जाता सी. पी. बेरारमध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या विभागात मोडतो. मधल्या पट्ट्यातल्या वितरकांची आणि थेटरवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळचीच. जंक्शनच्या गावी हा धंदा का वसला, हे सांगायला नको. पिक्चर तेव्हा वजनानं मोजण्याची वस्तू होती. ३५ मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात अकरा मिनिटं मावायची. तीन तासांच्या पिक्चरची सोळा-सतरा रिळं, ती पत्र्याच्या डब्यांत आणि डबे पेटीत. गावोगावच्या थेटरवाल्याचा पहिला प्रश्न ‘पेटी निघाली का?’ हाच असायचा. पेटी आली नाही तर खेळ नाही. यात्रेतल्या तंबूत तर चांगली प्रिंट फिरून फिरून झिजल्यावरच पोचायची. पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटावं इतक्या रेघा. तरी लोक बसायचे.

मग व्हिडिओ आला. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर. विकत घेणं थोड्यांनाच परवडायचं, पण एका रात्रीसाठी भाड्यानं आणणं वर्गणीत बसायचं. गणपतीत, जावळाच्या जेवणानंतर किंवा हळदीच्या रात्री ओट्यावर टीव्ही मांडायचा, खाली ताडपत्री, आणि पहाटेपर्यंत तीन कॅसेटी. चित्रावर मुंग्या आल्या की आणणारा पोरगा व्हीसीआरचं झाकण काढून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा आणि सगळी गल्ली श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत बसायची. मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचेवर ‘व्हिडिओ कोच’ लिहिलेलं असायचं. रात्रभराच्या प्रवासात सोबत आणलेला पिक्चर बघायची सवय आपल्याला तिथं लागली असं मी मानतो. टॅब त्या सीटच्या पाठीवर फार उशिरा आला.

मालेगाव जिल्ह्यानं नाशिकचं, पण बाजारानं आणि बोलीनं खान्देशाला लागून. तिथल्या यंत्रमाग कामगारांसाठी व्हिडिओ पार्लरं चालायची. अशाच एका पार्लरच्या मालकानं, नासिर शेख यांनी, २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. कलाकार गावातले, कॅमेरा व्हिडिओचा आणि खेळ लावायचा तो पार्लरमध्येच. दुसऱ्याच्या कॅसेटी लावता लावता आपली कॅसेट काढायची, ही उडी मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी वाटते. पुढं ‘खान्देशी कॉमेडी’ नावानं जे आलं, आधी सीडीवर आणि नंतर मोबाईलवर, त्याची पायवाट इथूनच निघते.

सीडीचा जमाना तसा थोडक्यात आटोपला. पिक्चरच्या सीडीचं, म्हणजे व्हीसीडीचं, मानक १९९३ चं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीत ७४ मिनिटं. म्हणून जेमतेम अडीच तासांचा पिक्चर दोन सीडींत आणि तीन तासांचा तीन. नेमका मारामारीच्या मध्ये उठून सीडी बदलायला लागायची. अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या सीडी आठवडी बाजारात कांदा-लसणाशेजारी पोत्यावर मांडलेल्या असायच्या. पण त्याच वर्षांत ग्रामीण भागात भारनियमन दिवसातले बारा-बारा तास खात होतं. टीव्ही, सीडी प्लेयर, दोघांनाही लाईट हवी. बॅटरीवर चालणारा पडदा हाताशी आल्याबरोबर लोक त्याच्याकडे का वळले, याचं उत्तर महावितरणच्या वेळापत्रकात सापडतं.

तो पडदा होता मोबाईलचा. नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड २००५ च्या सुमारास बाजारात आलं आणि पाचेक वर्षांत बसस्टँडसमोरच्या प्रत्येक मोबाईलच्या दुकानात एक नवा धंदा उभा राहिला, तो कार्ड भरून द्यायचा. काउंटरवर जुना कॉम्प्युटर, त्याला दोऱ्यानं बांधलेला कार्ड रीडर, कारण न बांधला तर तो जातोच. स्क्रीनवर फोल्डर: नवीन हिंदी, साऊथ डब, अहिराणी कॉमेडी, भजन-कीर्तन, लहान मुलं. शेतातून आलेला गडी कार्ड काढून पुढं करायचा, ‘भाऊ, कारडमा दोन पिच्चर टाकी दे, आन एक मायसाठे भजननं.’ दहा-वीस रुपयांत काम व्हायचं. दुकानदार आधी कार्डातलं जुनं उडवायचा, तेही विचारून: ‘हा ठेवू का काढू?’ खान्देशातल्या कित्येकांची पहिली ‘डाउनलोड लिस्ट’ म्हणजे हाच संवाद.

नेटवरून थेट का घेत नसत? हिशेब करून बघा. टूजीवर सेकंदाला १०० किलोबिटचा वेग टिकून मिळाला असं धरलं, तरी ७०० एमबीचा पिक्चर उतरायला साडेपंधरा तास लागतात. ब्लूटूथनं शेजारच्या फोनवरून घ्यायचा तरी पाऊण तास फोन फोनाला चिकटवून ठेवायचा. मदतीला आलं ते दाबतंत्र, म्हणजे फाइल दाबून लहान करायची युक्ती. २००३ चं एच.२६४ मानक व्हीसीडीच्या जुन्या एमपेग-१ पेक्षा कितीतरी कमी जागेत तेवढंच किंवा जास्त चांगलं चित्र बसवायचं. दोन सीडींचा पिक्चर कार्डाच्या कोपऱ्यात मावू लागला तो यामुळं.

हे सगळं कायद्यानं चोरीच होतं, त्यात आडपडदा नको. १९५७ चा कॉपीराइट कायदा तेव्हाही होता. २०१२ च्या दुरुस्तीत कुलूप तोडून प्रत काढण्याला दोन वर्षांपर्यंतची कैद आली आणि २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं पिक्चरच्या चोरीला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला. पण एक गोष्ट खरी: त्या काळात सातपुड्यातल्या मोलगी-धडगावकडच्या पाड्यावर पैसे देऊन कायदेशीर पिक्चर मोबाईलवर घ्यायचा म्हटलं तर मार्गच नव्हता.

टॅब या गोष्टीत मध्येच शिरतो. आयपॅड भारतात २०११ च्या जानेवारीत आला, पण त्याला कार्डाची खाच नव्हती, म्हणजे कार्ड भरून देणाऱ्याच्या दृष्टीनं तो कामाचाच नव्हता. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला सरकारनं ‘आकाश’ आणला: सात इंची, २५६ एमबी रॅम, सरकारला २,२७६ रुपयांना पडणारा. बोट जोरात दाबल्याशिवाय तो ऐकायचा नाही. आकाश फार पोचला नाही, पण स्वस्त सात इंची टॅब असू शकतो हे लोकांच्या डोक्यात बसवून गेला. घराघरात टॅब शिरला तो कोरोनात, पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी. शाळा उघडल्या, टॅब आजीकडे आला.

तोवर नेटचा नकाशाच पालटला होता. यूट्यूबनं डिसेंबर २०१४ मध्ये भारतात व्हिडिओ ४८ तास साठवून ठेवायची मुभा दिली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, ३० नोव्हेंबरला नेटफ्लिक्सनं डाउनलोड आणलं, १४ डिसेंबरला ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात आलं. जिओपासून पुढचं सगळं सव्वातीन महिन्यांत. नेटफ्लिक्सची सोय सुरुवातीला फक्त फोन-टॅबवर होती, आणि पुढच्याच जानेवारीत पिक्चर थेट एसडी कार्डावर उतरवता येऊ लागला. जुलै २०१९ मध्ये भारतासाठी १९९ रुपयांचा प्लॅन काढला, तोही फक्त फोन-टॅबसाठी, ४८० ओळींच्या, म्हणजे एचडीहून कमी स्पष्ट चित्राचा. टीव्हीवर लावायचाच नाही, अशी अट घालून विकलेला हा माल गावाकडच्या सवयीला बरोबर बसला.

आणि रोजच्या डेटाच्या पॅकनं एक नवीन वेळ जन्माला घातली. दिवसाचे दीड जीबी रात्री बारानंतर गेले म्हणजे गेले. म्हणून साडेअकराला घरात हाक येते, ‘नेट उरलंय का रे कोणाचं?’ हॉटस्पॉट चालू होतं आणि उद्याचा पिक्चर टॅबमध्ये उतरायला लागतो. वाया जाऊ द्यायचं नाही, हा आपल्या घरांचा जुना बाणा. तो शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यासारखाच डेटालाही लागू झाला. केळीला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटीवर मळ्यात जाणारा शेतकरी तोच टॅब किंवा फोन सोबत नेतो, कारण विहिरीपाशी रेंजचा भरवसा नाही.

आता हुकमाची गोष्ट. कार्डातला पिक्चर एक साधी फाइल होती. ज्याच्या हातात कार्ड, त्याचा पिक्चर. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत फोनातून फोनात फाइल देणारे शेअरइट आणि झेंडरही गेले, तरी फाइल हातोहात देण्याचे दुसरे रस्ते उरलेच. ॲपमधून उतरवलेला पिक्चर मात्र कुलूपबंद असतो. चित्र आणि आवाज तुमच्या टॅबमध्ये, पण उघडायची किल्ली वेगळी येते आणि त्याच यंत्राला बांधलेली असते. अँड्रॉइडवर हे काम वाइडवाइन करतं; ही कंपनी गूगलनं २०१० मध्ये घेतली. किल्ली जर टॅबच्या चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात राहत असेल तर त्याला एल-१ म्हणतात आणि एचडी मिळतं. स्वस्त टॅबमध्ये बहुतेकदा एल-३ असतं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचं कुलूप, आणि मग ॲप ४८० ओळींच्या वर जात नाही. दहा इंची पडदा, दुकानदार शपथेवर फुल एचडी सांगतो, आणि पिक्चर मात्र धुरकट दिसतो तो यामुळं. टॅब घेताना रॅम विचारतात, हे कोणी विचारत नाही.

किल्लीला मुदतही असते. पिक्चरगणिक वेगळी: काही उतरवल्यापासून महिनाभर चालतात, काही आठवडाभर, काही एकदा सुरू केले की ४८ तासांत संपवायचे. त्यामागे निर्मात्यांचे करार आहेत. ॲपनं हक्क ठराविक काळासाठी घेतलेले असतात. ते संपले की तुमच्या टॅबमधली प्रतही मरते.

याचा फटका बसतो सुरतेच्या गाडीत. लिंबायत-उधन्यात राहणारी खान्देशी माणसं सणावाराला येतात-जातात, पोरांना गप्प बसवायला टॅब हवाच. नंदुरबार सुटलं की रेंज पातळ होत जाते. नवापूरला तर स्टेशनच निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. तिथं पोरानं पिक्चर उघडावा आणि ‘मुदत संपली, नेटला जोडा’ असा निरोप यावा! उपाय साधा आहे: निघण्याच्या आदल्या रात्री ॲप नेटवर एकदा उघडायचं, प्रत्येक पिक्चर दोन सेकंद चालवून बघायचा आणि टॅब एअरप्लेन मोडवर टाकून परत एकदा तपासायचा. कार्डवाल्या दुकानदाराला असलं काही सांगावं लागायचं नाही.

अहिराणीचं काय झालं? मोठ्या ॲपच्या यादीत ती जवळपास नाहीच. बाजारातल्या सीडीवर होती, कार्डाच्या फोल्डरमध्ये होती, आता यूट्यूबवर आहे, आणि तिथं दोन-दोन मिनिटांनी जाहिरात. २०१९ च्या मार्चपासून पैसे भरून जाहिरातीविना साठवायची सोय भारतात मिळते. तरी अहिराणीचा बहुतेक प्रेक्षक मोफत मिळतं तेवढ्यावरच आहे, आणि आधी साठवून ठेवला नसेल तर रेंज गेली की त्याचा पिक्चर थांबतो. ज्या बोलीनं कॅसेट, सीडी आणि कार्ड यांच्यावर आपला बाजार स्वतः उभा केला, तिला कुलूपबंद डाउनलोडच्या दुकानात अजून फळीवर जागा मिळालेली नाही. ती मागणार कोण? मालेगावच्या पार्लरवाल्यानं तरी कुठं कोणाला विचारलं होतं.