काऊ-चिऊच्या गोष्टीला तात्पर्य कुठून आलं?

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. ही गोष्ट लीळाचरित्रात येते, म्हणजे तेराव्या शतकातही ती लोकांच्या तोंडी होती. त्याआधीचा काळ धूसरच आहे. पैठणच्या सातवाहनांशी नातं सांगणारा, पैशाची या प्राकृत भाषेतला बृहत्कथा हा कथासंग्रह हरवला, उरली ती मुख्यतः त्याची संस्कृत रूपं, आणि ती दरबारी रसिकांसाठी घडवलेली. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तेव्हा लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नसावं.

खरा बदल एकोणिसाव्या शतकात, छापखाना आणि शाळा आल्यावर झाला. 1828च्या सुमारास इसापनीती मराठीत छापली गेली. गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ हा साचा क्रमिक पुस्तकांतून इतका अंगवळणी पडला की तात्पर्याशिवाय गोष्ट अपुरी वाटू लागली. मग आजीच्या गोष्टींनाही तोच न्याय लावला गेला, आणि काऊ-चिऊच्या बाबतीत सगळी पंचाईत झाली.

कारण या गोष्टीचं तात्पर्य काय काढायचं? घर पक्कं बांधावं म्हणावं, तर मेणाचं घर उन्हात किती टिकेल हे कुणी विचारत नाही. शेजाऱ्याला मदत करावी म्हणावं, तर चिऊ काय करते? बाहेर मुसळधार पाऊस, दारात भिजलेला कावळा, आणि ही आतून सांगते: थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला निजवते. तरीही गोष्ट चिऊच्याच बाजूने! शेवटही एक नाही. कुठे दार उघडतच नाही, कुठे कावळा आत येऊन चुलीपाशी भाजतो, कुठे तो चिऊचा खाऊ फस्त करतो. पाठ्यपुस्तकी मंडळींनी यातला सोयीचा शेवट निवडला आणि त्यावर शिकवण चिकटवली. माझ्या मते हा निर्णय चुकला. गोष्टीचं मर्म त्या ‘थांब’मध्ये आहे. ताटात भात उरला असेल तर बाळाचं अंग पुसायचं, काजळ घालायचं, झबलं चढवायचं राहिलेलंच असतं. भात संपला की दार उघडतं. सांगणारीला हवी तेवढी ताणता येणारी ही गोष्ट पोरं जेववण्यासाठी आणि निजवण्यासाठी घडलेली आहे.

श्रावणातल्या कहाणीचं काम वेगळं. हातात अक्षता घेऊन ती ऐकायची आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झाल्यावर वाहायची. तीही 1914 मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या बाळगोष्टी म्हणून इंग्रजीत काढली. त्यात व्रत आणि ऐकणाऱ्या बायका मागे पडल्या. त्यामानाने 1868 साली मुंबईच्या माजी गव्हर्नराच्या मुलीने छापलेला संग्रह प्रामाणिक म्हणायला हवा. गोष्टी घरी कामाला असलेल्या आयेकडून ऐकलेल्या, आणि पुस्तकात त्या आयेची स्वतःची हकिगतही दिलेली. गोष्टी तिला आजीकडून मिळाल्या होत्या हे त्यामुळेच कळतं.

अभ्यासकांनी 1910 पासून कथानकांच्या याद्या केल्या. कोणती गोष्ट कुठे कुठे सापडते हे त्यातून कळतं. ती कधी आणि कुणासमोर सांगायची, याला यादीत रकाना नाही. 1954 मध्ये एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने लोकसाहित्याची चार कामं मांडली: करमणूक, रूढींचं समर्थन, शिक्षण आणि माणसाला समाजाच्या चाकोरीत ठेवणं. मांडणी मोलाची, पण घास भरवण्याचं काम त्यात कुठे बसवायचं हा प्रश्न उरतोच.

आता ही गोष्ट मोबाइलवर पाहत मुलं जेवतात. म्हणजे काम जुनंच, फक्त चित्रफितीतल्या ‘थांब’चा आकडा ठरलेला असतो. ताटात भात उरला तर पुढची चित्रफीत लावावी लागते.