हाताला काम, पण कोणतं? रोजगार हमीमागचा इतिहास

सरकारी मदतीवर दिवस काढणाऱ्या माणसाला कोणतं काम सांगावं, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. त्याचं उत्तर मात्र काम मागणाऱ्याला विचारून क्वचितच ठरलं. आज रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागलेल्या बाईच्या हातात माती वाहायचं टोपलं का येतं, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

दुष्काळी कामांची रीत इंग्रजी अमलात बसली. 1876-78 च्या दुष्काळात इंग्रज सरकारचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुराची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य, म्हणजे साधारण 450 ग्रॅम, आणि वर एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालातून दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने मदत कशी द्यायची याचे नियम, तयार झाल्या. काम जड ठेवायचं आणि मजुरी जेमतेम पोटापुरती द्यायची, म्हणजे ज्याला दुसरा आधार आहे तो इकडे फिरकणार नाही, हा त्यामागचा हिशेब. थोडक्यात, गरज खरी की खोटी हे पारखण्याचं साधन म्हणून काम वापरलं गेलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबई इलाख्याची संहिता इथे थेट लागू नव्हती. इथल्या गोरगरिबांना ओळखीची होती ती वेठबिगार. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दुष्काळी कामांची ती रीतही त्याच्या वाट्याला आली.

तिचा खरा अनुभव आला 1972 च्या दुष्काळात. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘बहात्तर’ म्हटलं की अजून खडी, मदतीत मिळणारी सुकडी आणि मिलो नावाची लाल ज्वारी आठवते. खडी फोडणं म्हणजे उन्हात फतकल मारून बसायचं, मोठ्या दगडावर लहान दगड धरायचा आणि हातोडीने तो ठरलेल्या आकाराचा होईपर्यंत फोडत राहायचं. कपच्या डोळ्यात जात, बोटं ठेचत, आणि मजुरी ढिगाच्या मापावर. पंधरा-वीस एकराचे कुणबीही त्या रांगेत बसले, कारण कोरडवाहू जमिनीत त्या साली काहीच उगवलं नव्हतं. आयुष्यभर नांगर धरलेल्या माणसाच्या कसबाला तिथे काही किंमत नव्हती. फोडलेल्या खडीचे कितीतरी ढीग पुढे रस्त्यावर पडलेच नाहीत, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

याच काळात वि. स. पागे यांची कल्पना राज्याने उचलली. पागे विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, त्यांनी ती करून पाहिली होती. मागेल त्याला काम, तेही दुष्काळ नसतानासुद्धा, हा विचार तेव्हा फार धाडसाचा होता. 1975 मध्ये शहरातल्या पगारदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून पैशाची सोय झाली. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम उत्पादक असलं पाहिजे, अशी अट कायद्यातच घातली गेली. खडीच्या ढिगांनी शिकवलेला धडा तो हाच. पण हमी होती ती अंगमेहनतीच्या, अकुशल कामाची, आणि कोणतं काम हवं ते निवडायचा हक्क मजुराला नव्हता. काम न मिळाल्यास बेकारी भत्ता ठरला सुरुवातीला दिवसाला 1 रुपया.

मजुरीचं माप हा आणखी वेगळा विषय. खड्डा खोदताना मध्ये मातीचा एक उभा खांब तसाच सोडतात, त्यावरून खोली मोजतात. काळ्या मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा. ठणठणीत माणसाने सात तास काम केलं तर किमान मजुरी पडावी, असे हे दर बसवलेले होते. ठणठणीत नसलेल्याचं काय? बाळंतीण, साठीची विधवा, दमेकरी माणूस यांनी तेवढेच तास घाम गाळला तरी खड्डा कमी भरतो आणि पैसेही कमी पडतात.

1983 साली सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय खटल्यात राजस्थानातल्या दुष्काळी कामांबद्दल निकाल दिला: किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 23 ने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच. मदत म्हणून दिलेल्या कामालाही कामाचाच दाम हवा, हे त्यामुळे पक्कं झालं. वेठबिगार पाहिलेल्या मुलखाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मोठा बदल आला तो 1990 नंतर, फळबागा रोजगार हमीला जोडल्या गेल्यावर. आपल्याच शेतात खड्डे घ्यायचे, कलमं लावायची आणि त्याची मजुरी मिळायची. जालन्याकडे मोसंबी, बीडच्या बालाघाटात सीताफळ. केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा आल्यावर सिंचन विहिरी आणि तुतीची लागवडही यादीत आली. त्याच कायद्याने वर्षाला 100 दिवस काम, गावापासून 5 किलोमीटरच्या आत काम, त्यापलीकडे 10 टक्के जादा मजुरी आणि कंत्राटदारांना मज्जाव या गोष्टी ठरवल्या. ज्याला गुंठाभर तरी जमीन आहे त्याला पहिल्यांदाच आपल्या उपयोगाचं काम मागता आलं, आणि हे या योजनेचं सगळ्यात मोठं यश मी मानतो.

भूमिहीनाला मात्र अजून टोपलंच. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दसऱ्यानंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बीडच्या जोडप्यांना हमीचं काम हवं असतं ते नेमकं त्या वेळी, गावात, आणि हातात लगेच पैसा देणारं. गावातलं काम वेळेवर निघत नाही, निघालं तर मजुरी रेंगाळते, म्हणून ती जोडपी निघून जातात. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर ठेवावं, असं 2005 च्या कायद्यातच लिहिलं गेलं. ज्या म्हातारीला खड्डा झेपत नाही, तिला हे काम सहज जमेल. ते मस्टरवर स्वतंत्र काम म्हणून लागावं, आणि तशी मागणी ग्रामसभेत ठरावाने नोंदवता येते.