मुलामा दिलेली स्मारक नाणी: किंमत ठरते ती कशावरून?

हलक्या धातूवर सोन्याचे पाणी चढवून ते खपवण्याची युक्ती जवळजवळ नाण्यांइतकीच जुनी आहे. सामोस या ग्रीक बेटाचा सत्ताधीश पॉलिक्रेटिस याने शिशाच्या नाण्यांवर सोने चढवून स्पार्टाच्या सैन्याची बोळवण केली, अशी कथा प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवली आहे. तिच्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

पुढे अनेक शतके मुलामा म्हणजे पाऱ्याचे काम. सोने पाऱ्यात कालवून लेप द्यायचा, मग तापवून पारा उडवायचा. थर चांगला बसे, पण त्या वाफा कारागिरांच्या जिवावर उठत. इटलीच्या ब्रुन्यातेल्लीने 1805 मध्ये व्होल्टाच्या विद्युतघटाने चांदीच्या दोन पदकांवर सोने चढवले आणि 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणाची पद्धत पेटंट केली. तिथून मुलामा स्वस्त झाला आणि थर हवा तितका पातळ करता येऊ लागला.

त्याचा गैरफायदाही लगेच घेतला गेला. अमेरिकेच्या 1883 च्या पाच सेंटच्या नाण्यावर फक्त रोमन पाचाचा आकडा होता, ‘सेंट’ हा शब्दच नव्हता. व्यास 21.2 मिलिमीटर, म्हणजे पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या अगदी जवळ. लोकांनी मुलामा देऊन, काहींनी कडेला दातेही पाडून, ती पाच डॉलर म्हणून चालवली. वजन मात्र 5 ग्रॅम, खऱ्याचे 8.36. टांकसाळीने त्याच वर्षी ‘सेंट’ शब्द घातला. ब्रिटनमध्ये 1887 च्या सहा पेनीच्या नाण्याचे असेच झाले: ते अर्ध्या सॉव्हरिनसारखे, म्हणजे सोन्याच्या नाण्यासारखे दिसे, म्हणून मागे घ्यावे लागले. अशी मुलामा दिलेली अमेरिकन नाणी आज विकली जातात, पण सोने त्याच काळात चढवले की परवा, हे सिद्ध करणे फार अवघड. त्यामुळे त्यांना जपूनच भाव द्यावा.

याउलट अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीने तांब्याचे काही खास नमुने मुलामा देऊन काढले. ते संग्राहक आजही आवर्जून शोधतात, कारण मुलामा टांकसाळीनेच दिला होता आणि नग मोजके होते. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे: मुलामा कोणी दिला आणि कधी दिला.

1999 ते 2008 या काळात अमेरिकेने पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली. खासगी विक्रेत्यांनी त्यांवर सोने चढवून सुबक डब्यांत विकली. नाणी तपासून त्यांच्या स्थितीनुसार श्रेणी देणाऱ्या संस्थांच्या लेखी तो पृष्ठभागातला फेरफार आहे. धडधाकट नाणे मुलामा देऊन बाद होते. पुष्कळ ‘स्मारक नाणी’ तर नाणी नसून पदके असतात: त्यांवर दर्शनी मूल्य नसते आणि मागे कोणतेही सरकार नसते.

सोने किती असते, ते मोजून पाहावे. 40 मिलिमीटर व्यासाच्या आणि 3 मिलिमीटर जाडीच्या नगाचा पृष्ठभाग सुमारे 29 चौरस सेंटिमीटर. त्यावर 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर म्हणजे जेमतेम साडेपाच मिलिग्रॅम सोने. 2.5 मायक्रॉनचा भरघोस थर दिला तरी 140 मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढाच नग भरीव सोन्याचा असता तर 73 ग्रॅम भरला असता.

थर टिकेल की नाही, ते खालच्या तयारीवर ठरते. तांब्यावर आधी निकेलचा थर हवा. तो नसेल तर तांबे हळूहळू सोन्यात झिरपते, रंग लालसर होतो आणि डाग पडतात. थर फार पातळ असेल तर सूक्ष्म छिद्रांतून ओल आत जाते आणि हिरवे ठिपके उमटतात. उठावाचे भाग, म्हणजे गाल, नाक, अक्षरांच्या कडा, आधी झिजतात. भिंगाखाली तिथेच मूळ धातू डोकावतो. असे नाणे पुसू नये, चकाकी आणण्याच्या पेस्टने तर मुळीच नाही.

शंका असेल तर नाणे आधी कोरडे तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात बुडते धरून तोलावे. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागले की घनता मिळते. शुद्ध सोने 19.3, चांदी 10.5, तांबे 9 च्या आतबाहेर. पुनर्विक्रीत याच आकड्याला महत्त्व येते: गाभा चांदीचा असेल तर निदान चांदीच्या वजनाचा भाव मिळतो, आणि तांब्याचा असेल तर बहुतेक व्यापारी नग हातातही घेत नाहीत.