मोडलेली कॉलरबोन, गेलेले वॉट आणि परत ग्रुपमधे

४ एप्रिल २०२४. स्पेनच्या बास्क भागातली इत्झुलिया नावाची स्टेज रेस, म्हणजे रोज एक टप्पा अशी कित्येक दिवस चालणारी सायकल शर्यत, चौथा दिवस, उतारावरचं एक उजवं वळण आणि बघता बघता डझनभर रायडर रस्त्याच्या बाहेर, काही तर थेट सिमेंटच्या नालीत. डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डची कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडली, बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली, बारा दिवस हॉस्पिटलमधे. त्याच अपघातात बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलची कॉलरबोन आणि खांद्याचा फरा दोन्ही गेले. आणि जुलैमधे टूर डी फ्रान्सच्या पोडियमवर दुसरा कोण आणि तिसरा कोण, तर हेच दोघं! १० जुलैला ले लिओराँच्या स्टेजला विंगेगार्डने ती टूर जिंकणाऱ्या पोगाचारला दोघांच्या स्प्रिंटमधे हरवलं आणि नंतर कॅमेऱ्यासमोर त्याला बोलताच येईना, रडायलाच लागला. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा बघितलाय, कारण त्याआधीच्या पावसाळ्यात माझी पण कॉलरबोन मोडली होती.

आता त्यांच्याकडे डॉक्टर, फिजिओ, आचारी अशी सगळी फौज असते, आपण ऑफिस करून रविवारी सकाळी निघणारी माणसं, मान्य आहे. पण हाड जुळायचे नियम दोघांना सारखेच. आणि वाचत गेलो तसं एक गोष्ट पक्की कळली, की रक्त, स्नायू, हाड, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि मनातली भीती या प्रत्येकाचं परत यायचं टाईमटेबल वेगळं असतं, आणि सायकलिंगची मजा परत यायला या सगळ्यांची वाट बघावी लागत नाही.

आधी हाडाचं बघू. कॉलरबोन तसं गमतीचं हाड आहे. आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात होते ती इथे आणि छातीकडचं टोक पूर्ण जुळतं ते पार विशीच्या मध्यावर, म्हणजे सुरुवात सगळ्यात आधी आणि शेवट जवळजवळ सगळ्यात शेवटी. हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त या एका दांडीने. सायकलवरून पडलो की बहुतेक वेळा खांदा आपटतो, सगळा धक्का या इंग्रजी एस आकाराच्या दांडीत जातो आणि ती मधल्या भागात तुटते, कारण तिथे ती बारीक असते आणि स्नायूंचा आधार पण कमी असतो. कॉलरबोनची साधारण ८० टक्के फ्रॅक्चर या मधल्या तिसऱ्या भागातच होतात.

तुटल्यावर तिथे रक्त साचून गाठ होते. ती गाठ फार कामाची असते, त्यातल्या पेशी सिग्नल सोडतात आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोन टोकांमधे कुर्चेसारखा मऊ पदार्थ भरतो, मग त्यात कॅल्शियम बसत जातं आणि कडक गोळा तयार होतो, त्याला कॅलस म्हणतात. बांधकामाला परांची बांधतात तसंच हे, मूळ हाडापेक्षा जाड आणि ओबडधोबड, पण टोकं हलू देत नाही. मोठ्या माणसात एवढं व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. नंतर कित्येक महिने, कधी काही वर्षं, एका प्रकारच्या पेशी जास्तीचं हाड खात राहतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी हवं तिथे नवीन भरत राहतात, आणि हे कुठे भरायचं ते ठरतं त्या हाडावर कुठून जोर पडतोय त्यावरून. कातडीवर व्रण राहतो, हाडावर मात्र चांगलं जुळलं तर खूण सुद्धा राहत नाही, निव्वळ हाडच परत बनतं, आणि शरीरात असं जमणाऱ्या जागा फार थोड्या आहेत.

प्लेट आणि स्क्रू टाकले तर ही जाड परांची फारशी बनतच नाही कारण टोकं घट्ट धरलेली असतात, हाड सरळ हाडाला भिडून जुळतं. प्लेटमुळे हात लवकर हलवता येतो हा मोठा फायदा. प्रो लोक आठवड्या-दोन आठवड्यात ट्रेनरवर, म्हणजे सायकल अडकवून घरातच चालवायच्या स्टँडवर, दिसतात ते त्यामुळे, ट्रेनर जागेवरून हलत नाही, पडायची भीती नाही, हात झोळीत ठेवून सुद्धा पाय फिरवता येतात. पण एक्सरे बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत रस्त्यावर जायचं नाही, कारण अर्धवट जुळलेल्या जागेवर परत आपटलं तर पहिल्यापासून सुरुवात.

आता दमाचं. इथे सगळ्यात जास्त लोक घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६६ साली अमेरिकेत डलासला पाच निरोगी विशीतल्या पोरांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. नुसतं झोपून. त्यांचं व्हीओटू मॅक्स, म्हणजे पूर्ण ताकद लावताना शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी खाली आला. याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, परत तपासलं तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं होतं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं! आणि नंतर सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम करवला तेव्हा वयामुळे गेलेला दम जवळजवळ सगळा परत आला, पन्नाशीत. ज्यांना वाटतं की आता या वयात पडलो, संपलं, त्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवा.

आपण काही सलग झोपून नसतो, स्लिंग लावून का होईना घरात फिरतो, जिने चढतो. वर्षानुवर्षं ट्रेनिंग केलेल्या खेळाडूंनी सगळं बंद केलं तर काय होतं हे एडवर्ड कॉईल आणि त्यांच्या टीमने १९८४ मधे मोजलं. पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स ७ टक्क्यांनी उतरलं आणि बारा आठवड्यांनी १६ टक्क्यांनी खाली होतं. सुरुवातीच्या घसरणीचं मुख्य कारण रक्त. ट्रेनिंगने शरीरात रक्ताचा पातळ भाग, प्लाझ्मा, वाढलेला असतो आणि व्यायाम थांबला की तो काही दिवसांतच कमी होतो, मग हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं आणि तेच काम करायला जास्त ठोके टाकतं. पुढे त्याच लोकांनी शिरेतून द्रव देऊन रक्ताचं प्रमाण पूर्ववत करून बघितलं, तर ठोक्यामागे जाणारं रक्त बऱ्यापैकी परत आलं, म्हणजे हृदय बिघडलंच नव्हतं.

म्हणून परत आल्यावर पहिल्या चढाला हार्ट रेट जो काही उडतो ना, पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या पहिल्याच वळणाला घड्याळात असा आकडा दिसतो की माणूस हबकतो, त्यात घाबरायचं काही नाही. प्लाझ्मा जसा पटकन जातो तसा पटकन येतो, एक-दोन आठवड्यांच्या नियमित राईडने बराच भरून निघतो. लाल पेशींना जास्त वेळ लागतो.

स्नायूंची बातमी त्याहून चांगली आहे. कॉईलच्या अभ्यासात बारा आठवड्यांनी सुद्धा स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं जवळपास तसंच होतं. मायटोकॉन्ड्रियातली (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांतली) एन्झाइम कमी झाली होती पण कधीच व्यायाम न केलेल्या माणसापेक्षा तरीही बरीच जास्त. ओस्लोच्या क्रिस्तियान गुंडरसन यांच्या लॅबने २०१० मधे उंदरांमधे दाखवलं की स्नायू वाढताना जी जास्तीची केंद्रकं त्याच्या पेशीत येतात ती स्नायू बारीक झाल्यावरही टिकून राहतात, माणसात हे किती लागू पडतं यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. आणि एक फार जुनी गोष्ट, १८९४ साली येलमधे दिसलं होतं की एका हाताचा व्यायाम केला तर दुसऱ्या हाताची ताकद पण वाढते, कारण ताकदीचा मोठा भाग मेंदू आणि नसांमधून येतो. म्हणून फिजिओ चांगल्या हाताने वजन उचलायला लावतात ते ऐकावं, झोळीतल्या हाताला खरंच फायदा होतो.

सावध राहायचं ते टेंडनच्या बाबतीत. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९५०-६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा माग काढून बघितलं तर टाचेच्या टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि नंतर जवळपास बदलतच नाही. इतकी संथ वस्तू आहे ती. दम महिन्याभरात परत येतो, पायाला वाटतं आता मारू शकतो आणि गुडघ्याखालचं टेंडन तिथेच बसलेलं असतं. परत येणारे किती तरी जण कॉलरबोनमधून बरे होऊन गुडघा धरून बसतात ते यामुळे. मोठ्या गिअरला जोर लावत चढ चढण्यापेक्षा हलक्या गिअरला पाय फिरवा. आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला, कारण सायकलवर हाडांना धक्काच बसत नाही आणि रोड सायकलिस्ट लोकांच्या मणक्यातल्या हाडांची घनता कमी आढळते हे वारंवार दिसलंय.

राहिली भीती. ही सगळ्यात शेवटी जाते, निदान माझी तरी. बोपदेववरून कोंढव्याकडे उतरताना हात ब्रेकवर असे आवळले जायचे की कोपर ताठ, खांदे कानाला, आणि नजर पुढच्या चाकाच्या दोन फुटांवर. भौतिकशास्त्र नेमकं याच्या उलट आहे. चालती सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल स्वतःच थोडं वळतं आणि चाकं परत आपल्या वजनाच्या बरोबर खाली येतात. २०११ मधे डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या लोकांनी एक खास सायकल बनवून दाखवलं की चाकांच्या फिरण्याचा परिणाम रद्द केला तरी, विशिष्ट वेगाला, माणसाशिवाय सायकल सरळ उभी राहते. म्हणजे सायकलला स्वतःला उभं राहता येतं, फक्त हँडलला तेवढी बारीक हालचाल करू द्यावी लागते आणि हात आवळले की आपण तीच बंद करतो. कोपर सैल, नजर वळणाच्या शेवटाकडे. मेंदूतली भीतीची जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी 'इथे काही झालं नाही' अशी नवीन आठवण तयार होते आणि ती जुनीला दाबून धरते, म्हणून एकदाच मोठा उतार मारून भीती जात नाही, छोटा उतार, कोरडा रस्ता, परत तोच उतार, असं करत करत जाते. मधेच एखाद्या ओल्या सकाळी ती परत वर येते, ते पण नॉर्मल आहे. आणि हो, पडलेलं हेल्मेट बदला, आतला फोम एकदाच दबतो.

आता मजेचं, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीला आपली जवळपास ९० टक्के ताकद हवा कापण्यात जाते, आणि लागणारे वॉट, म्हणजे पायांनी लावायची ताकद, वेगाच्या घनात वाढतात. पुढच्याच्या चाकाला चिकटून बसलं तर साधारण ३० टक्के ताकद वाचते. आइंडहोवनच्या बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मधे १२१ सायकलींचं पेलेटॉन, म्हणजे रेसमधला घोळका, विंड टनेलमधे आणि कॉम्प्युटरवर तपासलं तर खूप आत बसलेल्या रायडरला लागणारा हवेचा विरोध एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के होता, म्हणजे ताशी ५४ ला चाललेल्या घोळक्यात तो ताशी १२ ते १५ ला चालल्यासारखा.

आता हिशोब जुळवा. तीन महिन्यांच्या सुट्टीने गेले १५-१६ टक्के आणि चाकामागे बसून मिळतात ३०. म्हणजे पूर्ण फिट व्हायच्या कितीतरी आधी आपण जुन्या मित्रांबरोबर जुन्या वेगाने जाऊ शकतो! टायरचा तो एकसुरी आवाज, पुढच्याने हाताने दाखवलेला खड्डा, बोट हलवून बोलावलेला पुढचा नंबर, हे सगळं वॉट परत यायच्या आधीच परत येतं. शिवाय तासभर मध्यम जोर लावला की रक्तात अ‍ॅनंडमाईड, म्हणजे शरीरातच बनणारं गांजासारखं रसायन, वाढतं, हे ट्रेडमिल आणि स्थिर सायकलवर २००३ मधे मोजलं गेलंय, आणि एंडॉर्फिनचा परिणाम औषधाने बंद केला तरी पळणाऱ्यांना ती धुंदी येतच राहिली असं २०२१ मधे दिसलं. त्यालाही जुनी ताकद लागत नाही, मध्यम जोर पुरतो.

चढावर मात्र हवेचा आधार संपतो, तिथे ज्याचे वॉट तोच. म्हणून रेसचा क्रम मी असा सांगेन की आधी एकट्याची घाटातली टाईम ट्रायल, म्हणजे फक्त घड्याळाशी शर्यत, वेग कमी, शेजारी कोणी नाही, हरलो तरी पडत नाही. मग ओळखीच्या लोकांबरोबर सपाट रस्त्यावरच्या जोरदार राईड. गर्दीच्या वळणांची क्रिटेरियम, म्हणजे छोट्या वर्तुळाकार रस्त्यावर फेऱ्या मारायची रेस, सगळ्यात शेवटी, हात आपोआप सैल राहायला लागले की.

आणि ज्यांच्या ग्रुपमधे कोणी असा परत येतोय त्यांना एक विनंती. त्याला चौथ्या-पाचव्या नंबरवर ठेवा, वारा बाजूने असेल तर आडोशाच्या बाजूला, पुढे यायचा आग्रह नको, खड्डा जरा आधीच दाखवा, आणि चढ संपला की वर थांबा.