वॉलआयच्या गळामागचा इतिहास

वॉलआय हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला, पर्चच्या कुळातला मासा. मिनेसोटाने 1965 मध्ये त्याला राज्यमासा ठरवलं. तिथल्या मासेमारीच्या दुकानात एकट्या या माशासाठी जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), स्पिनर (फिरत्या पातीचं आमिष), लिंडी रिग (गळ आणि शिशाची एक जुळणी), क्रँकबेट (माशाच्या आकाराचं नकली आमिष) अशी भिंत भरलेली असते आणि नवखा माणूस गांगरतो. पण यातली प्रत्येक वस्तू एखाद्या तळ्यावरच्या नेमक्या अडचणीतून आलेली आहे. ती अडचण समजली की आज काय बांधायचं हे ठरवणं फारसं अवघड राहत नाही.

पहिली गोष्ट डोळ्यांची. वॉलआयच्या डोळ्याच्या मागच्या भागात प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. हेच डोळे मशालीच्या उजेडात चमकतात. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक रात्री होडीत मशाली पेटवून भाल्याने मासे टिपत. विस्कॉन्सिनमधल्या लॅक द्यू फ्लॅम्बो या जागेला फ्रेंच व्यापाऱ्यांनी नाव दिलं ते या मशालींवरूनच. गळवाल्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच: पहाट, संध्याकाळ, ढगाळ आभाळ किंवा वाऱ्याने खवळलेलं पाणी असेल तर मासा उथळ भागात चरायला येतो. भर उन्हात, नितळ पाण्यात तो खोल उतरतो, नाहीतर शेवाळाच्या आडोशाला जातो.

दुसरी गोष्ट तोंडाची, आणि वॉलआयच्या साधनांचा बराचसा इतिहास तिच्याभोवती फिरतो. हा मासा बऱ्याचदा आमिष हलकेच ओढून घेतो आणि वजन जाणवलं की सोडून देतो. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनेसोटातल्या ब्रेनर्ड इथे रॉन आणि अ‍ॅल लिंडनर या भावांनी लिंडी रिग बाजारात आणली. दोरीवर मोकळं सरकणारं, बुटाच्या आकाराचं शिसं. त्याला अडवायला स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. पुढे साधारण 90 सेंटिमीटरची बारीक दोरी आणि 6 किंवा 8 नंबरचा गळ. शिसं तळावर चालतं, मासा दोरी ओढतो तेव्हा ती शिशातून निसटत जाते आणि त्याला वजन कळत नाही.

ही रिग फसते ती हाताच्या घाईने. रीलचा बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) उघडा ठेवून दोरी तर्जनीवर धरायची. टिचकी जाणवली की बोट सोडायचं, काही सेकंद दोरी जाऊ द्यायची, मग सैलपणा गुंडाळून रॉड उचलायचा. बेल बंद राहिला तर सरकत्या शिशाचा उपयोगच संपतो. शिसं किती? तीन मीटरपर्यंत 1/8 औंस, पाच-सहा मीटरला 1/4, त्याहून खोल किंवा वारा असेल तर 3/8 ते 1/2. तळ लागतोय हे हाताला कळेल इतकंच. गढूळ पाण्यात पुढची दोरी आखूड चालते, नितळ पाण्यात दीड-दोन मीटर हवी. आमिष ऋतूप्रमाणे: थंड पाण्यात छोटी मासोळी, पाणी तापलं की जळू किंवा गांडूळ. जळू चोषकाच्या टोकाला टोचायची, म्हणजे ती गळावरही पोहत राहते.

या रिगला बळ मिळालं ते सोनारमुळे, म्हणजे ध्वनिलहरींनी तळाचा ठाव घेणाऱ्या यंत्रामुळे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कार्ल लॉरन्स यांनी गळवाल्यांसाठी छोटं सोनारयंत्र आणलं आणि तळाचा उतार, खडकाळ उंचवटे होडीतून कळू लागले. मग इंजिन उलटं चालवून, होडीची मागची बाजू वाऱ्याकडे ठेवून, उताराची कड सावकाश धरून जायची पद्धत रुळली. मासा एकाच खडकावर जमलेला असेल तर सरकता फ्लोट (दोरीवरचा तरंगता गोळा) बरा: दोरीवर गाठ, मग मणी, मग फ्लोट. मणी विसरला तर गाठ फ्लोटमधून आरपार जाते आणि आमिष ठरवलेल्या खोलीवर थांबत नाही.

ईरी तळ्याची गोष्ट वेगळी. हे तळं ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतल्या विशाल तळ्यांपैकी एक. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे 1970 मध्ये तिथली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली होती. पुढे मासा सावरला. पश्चिमेकडचा उथळ भाग तेव्हा गढूळ असे, म्हणून तिथे पुढे शिसं आणि मागे गांडूळ असलेला स्पिनर लांब फेकून, बुडताना आकडे मोजत खोली साधायची रीत होती. झेब्रा शिंपले 1988 मध्ये ग्रेट लेक्स भागात सापडले. त्यांनी पाणी गाळून नितळ केलं आणि मासा होडीला बुजू लागला. तेव्हा दोरी होडीपासून बाजूला, दूरवर नेणाऱ्या प्लेनर फळ्या आणि त्यांच्यामागे सडपातळ क्रँकबेट यांना महत्त्व आलं. पाणी गढूळ होतं तेव्हा आजही तिथे नारिंगी किंवा हिरवट झळाळते रंग चालतात. वॉलआयचा डोळा याच दोन रंगांना जास्त संवेदनशील असतो.

मिसूरी नदीवरच्या मोठ्या जलाशयांत बुडालेली झाडं आणि खडक साधं शिसं गिळून टाकत. तिथे तारेचा बॉटम बाउन्सर, म्हणजे तळावर टेकत जाणारं तारेवरचं शिसं, रुजला. दर तीन मीटर खोलीला सुमारे एक औंस आणि ताशी दीड ते अडीच किलोमीटर वेग हे त्याचं गणित. तार तळाला अधूनमधून टेकायला हवी. ती सारखी घासत राहिली तर आडवी पडते आणि अडकते; मग दोरी थोडी गुंडाळून घ्यायची किंवा होडीचा वेग वाढवायचा.