पेसमेकर बिघडणं : कारणं आणि प्रतिबंध

पेसमेकर बिघडणं म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळायला बसवलेलं यंत्र ठरल्याप्रमाणे काम न करणं. ऐकायला हे एकच वाटतं पण यात तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला, यंत्राने ज्या वेळी विजेचा इम्पल्स द्यायला हवा तेव्हा दिलाच नाही. दुसरा, इम्पल्स दिला पण हृदयाच्या स्नायूने तो घेतला नाही, म्हणजे ईसीजीवर बारीक उभी रेघ दिसते पण तिच्यामागे ठोका येत नाही, याला कॅप्चर न होणं म्हणतात. तिसरा सेन्सिंगचा, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ठोका पडतोय तरी यंत्राला तो कळत नाही आणि ते मध्येच आपला ठोका घुसवतं, किंवा याच्या उलट, छातीच्या स्नायूंची हालचाल किंवा बाहेरचा विद्युत गोंधळ यंत्राला हृदयाचा ठोका वाटतो आणि ते गप्प बसतं. यातला गप्प बसण्याचा प्रकार जास्त घातक, कारण ज्या पेशंटचा स्वतःचा ठोका जवळपास येतच नाही, ज्याला पेसमेकर-डिपेंडंट म्हणतात, त्याला काही सेकंदांत चक्कर येते आणि तो पडतो.

लोक 'पेसमेकर फेल झाला' म्हणतात तेव्हा डोळ्यासमोर छातीतली ती छोटी धातूची डबी येते, पण खरं तर डबी अचानक बंद पडणं ही आता दुर्मिळ गोष्ट आहे. बहुतेक वेळा दोष वायरीत असतो, किंवा सेटिंगमध्ये, किंवा शरीराच्या रसायनात, किंवा बॅटरी संपत आल्याचं कुणी पाहिलेलंच नसतं. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी आधी खूण देतात, ती खूण तपासणीत दिसते, म्हणून या विषयात प्रतिबंधाला एवढं महत्त्व आहे.

सुरुवातीला असं नव्हतं. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 ला स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये सर्जन ओके सेनिंग यांनी बसवला, यंत्र बनवलं होतं इंजिनियर रूने एल्मक्विस्ट यांनी, आणि ते काही तासांतच बंद पडलं. पेशंट आर्ने लार्सन यांना पुढच्या आयुष्यात 26 पेसमेकर लागले, आणि तरी ते 2001 पर्यंत जगले, वयाच्या 86 व्या वर्षी गेले ते कॅन्सरने. त्या काळातल्या पारा-जस्ताच्या बॅटऱ्या साधारण दोन वर्षांत संपायच्या, शिवाय त्यातून गॅस निघायचा म्हणून डबी पूर्ण सीलबंद करता यायची नाही आणि शरीरातला ओलावा आत शिरून सर्किट खराब व्हायचं. 1970 च्या दशकात लिथियम-आयोडीन बॅटरी आली, जिचं श्रेय अमेरिकन इंजिनियर विल्सन ग्रेटबॅच यांना बरंचसं जातं, तिच्यात गॅसची भानगड नाही, त्यामुळे टायटॅनियमची डबी वेल्डिंग करून कायमची बंद करता आली आणि विश्वासार्हता एकदम वाढली.

बॅटरी

आजच्या पेसमेकरची बॅटरी साधारण 8 ते 15 वर्षं टिकते, नेमकं किती ते पेसिंग, म्हणजे यंत्राने ठोका देणं, किती टक्के होतंय आणि किती व्होल्टवर होतंय यावर. लिथियम-आयोडीन बॅटरीचा मोठा गुण म्हणजे ती झपकन मरत नाही, सुरुवातीला 2.8 व्होल्टच्या आसपास असते आणि हळूहळू तिचा अंतर्गत रोध वाढत जातो, त्यामुळे अंदाज बांधता येतो. ठरावीक पातळीला आली की यंत्र 'आता बदला' असा इशारा नोंदवतं, त्याला ईआरआय म्हणतात, आणि तिथून साधारण तीन महिने हातात असतात. काही मॉडेल्स या टप्प्यावर बॅटरी वाचवायला साध्या मोडमध्ये जातात, दोन कप्प्यांचं पेसिंग सोडून फक्त खालच्या कप्प्यात ठरावीक गतीने ठोके देतात, मग पेशंटला कारण न समजता थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. बॅटरी जुनी असेल आणि असं काही व्हायला लागलं तर वयामुळे होतंय असं धरून बसू नये, आधी यंत्र तपासून घ्यावं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. इम्पल्सला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे 5 व्होल्टचं 2.5 केलं की खर्च चौथाई होतो. वायर बसवल्यावर पहिले काही आठवडे तिच्या टोकाशी सूज असते, ठोका मिळवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सुरुवातीला आउटपुट, म्हणजे इम्पल्सचं व्होल्टेज, मुद्दाम जास्त ठेवतात आणि साधारण तीन महिन्यांनी थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका मिळायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज, मोजून ते खाली आणतात, नेहमीचा नियम थ्रेशोल्डच्या दुप्पट व्होल्टेज. ही एक व्हिजिट चुकली आणि यंत्रात आपोआप ॲडजस्ट होण्याची सोय चालू नसली तर बॅटरी विनाकारण जळत राहते, आणि पुढचं ऑपरेशन कित्येक वर्षं आधी करावं लागतं. उलट बाजूने, बॅटरी वाचवायच्या नादात मार्जिन फार कमी ठेवलं तर कॅप्चर जायचा धोका, त्यामुळे हे मोजूनच करायचं काम आहे.

वायर, म्हणजे लीड

सगळ्या सिस्टीमचा कच्चा दुवा हाच. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं, प्रत्येक वेळी लीड थोडी वाकते, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. शिवाय लीड जर गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधल्या अरुंद जागेतून गेली असेल तर हात हलेल तशी ती चिरडली जाते. म्हणून डॉक्टर खांद्याजवळच्या सेफॅलिक किंवा ॲक्सिलरी शिरेतून लीड घालणं पसंत करतात, गळपट्टीच्या हाडाखालच्या सबक्लेव्हियन शिरेत फार आतल्या बाजूने टोचलं की हा त्रास पुढे होतो. लीड बांधताना टाका थेट वायरीवर न घेता तिच्यावरच्या स्लीव्हवर घ्यायचा असतो, नाहीतर इन्सुलेशन तिथेच कापलं जातं.

लीडची तब्येत इम्पीडन्सवरून, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्यावरून, कळते. आतली तार तुटली की इम्पीडन्स खूप वाढतो, इन्सुलेशन फाटलं की करंट बाहेर गळतो आणि इम्पीडन्स पडतो. एका आकड्यावर फार काही ठरत नाही, मागच्या चार-पाच तपासण्यांचे आकडे ओळीने पाहिले तर बदल लगेच दिसतो, म्हणून जुने प्रिंटआउट फेकू नयेत. तार अर्धवट तुटलेली असेल तर ती हात हलवल्यावरच त्रास देते, तिच्या टोकांच्या घासण्यातून फालतू सिग्नल तयार होतात, पेसमेकर त्यांना ठोके समजतो आणि थांबतो, आणि पेशंट सांगतो की हात वर केला की अंधारी येते. असं सांगणाऱ्याला नुसता झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवणं ही चूक ठरू शकते.

ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत वेगळे प्रश्न असतात. लीडचं टोक जागेवरून सरकणं हा त्यातला नेहमीचा. क्वचित लीड हृदयाच्या भिंतीतून आरपार जाते. कधी डबीला लीड जोडणारा स्क्रूच नीट घट्ट झालेला नसतो. लीड सरकली तर छाती आणि पोटामधला पडदा उडायला लागतो, सतत उचकी लागते, किंवा छातीचा स्नायू तालात फडफडतो, ही खूण समजायला सोपी आहे आणि पेशंटला ती आधीच सांगून ठेवायला हवी. एक प्रकार तर असा की पेशंट नकळत त्वचेखालची डबी बोटांनी फिरवत राहतो, लीड गुंडाळली जाते आणि हृदयातून बाहेर खेचली जाते, याला ट्विडलर सिंड्रोम म्हणतात, 1968 पासून तो वैद्यकीय नोंदीत आहे. सैल त्वचा, स्थूल शरीर किंवा स्मृतिभ्रंश असेल तर शक्यता जास्त, तिथे डबी स्नायूला टाका घालून पक्की करणं हा उपाय.

यंत्र चांगलं, पण शरीर प्रतिसाद देत नाही

हा भाग दुर्लक्षित राहतो म्हणून थोडा जास्त लिहितोय. यंत्र, वायर, सेटिंग सगळं ठीक असूनही कॅप्चर जाऊ शकतं कारण हृदयाच्या पेशींची उत्तेजित व्हायची तयारीच कमी झालेली असते. रक्तातलं पोटॅशियम खूप वाढणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण, किडनीच्या पेशंटमध्ये किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असताना हे होतं. रक्त आम्लधर्मी होणं, ऑक्सिजन कमी पडणं, थायरॉईड फार कमी असणं, लीडच्या टोकापाशीच हार्ट अटॅक येऊन तिथला स्नायू मरणं, फ्लेकेनाइडसारखी ठोक्यांची लय सांभाळणारी औषधं, या सगळ्यांनी थ्रेशोल्ड वाढतो. अशा वेळी डबी बदलून काहीच उपयोग नाही, पोटॅशियम उतरवलं की तोच पेसमेकर परत काम करायला लागतो. म्हणून पेसमेकरचा पेशंट बेशुद्ध होऊन आला की ईसीजी आणि यंत्राच्या तपासणीबरोबर रक्ताची तपासणीही तितक्याच घाईने व्हायला हवी. पूर्वी लीडच्या टोकाशी सूज येऊन नंतर व्रण बनायचा आणि थ्रेशोल्ड कायमचा चढायचा, आता टोकाशी डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं, ते हळूहळू झिरपतं आणि हा त्रास बराच कमी झालाय.

जंतुसंसर्ग

इन्फेक्शनमध्ये यंत्र चालू असतं तरी सिस्टीम गमवावी लागते, त्यामुळे त्याला या नोंदीत जागा आहेच. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात. डबीवरची त्वचा लाल होणं, गरम लागणं, पातळ होऊन डबी दिसायला लागणं, पाणी येणं, किंवा नुसताच अधूनमधून ताप, यातलं काहीही असेल तर बसवणाऱ्या टीमलाच दाखवावं. त्या जागी सुई टोचून पाणी काढू नये, त्याने नसलेलं इन्फेक्शन आत जाऊ शकतं. आणि फक्त गोळ्या घेऊन हे बरं होत नाही, डबी आणि लीड दोन्ही काढावे लागतात, लीड जुनी असेल तर ती शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते आणि काढणं जोखमीचं असतं.

टाळण्याच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. चीर देण्याआधी एक तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक देणं हे पहिलं. दुसरं, जागेवर रक्त साकळू न देणं, कारण मोठी गाठ झाली की पुढे इन्फेक्शनचा धोका कित्येक पटीने वाढतो. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांना पूर्वी ती थांबवून मध्ये त्याच कामाचं हेपरिनचं इंजेक्शन देत असत, 2013 च्या ब्रुझ कंट्रोल अभ्यासात हेपरिनवाल्यांमध्ये मोठी गाठ 16 टक्क्यांना झाली आणि वॉरफरिन चालू ठेवलेल्यांमध्ये 3.5 टक्क्यांना, तेव्हापासून ती पद्धत मागे पडली. डबीभोवती अँटिबायोटिकची जाळी घालण्याचा अभ्यास 2019 मध्ये आला, त्यात मोठी इन्फेक्शन्स 40 टक्क्यांनी कमी दिसली. डबी बदलण्याच्या ऑपरेशनला लोक किरकोळ समजतात पण इन्फेक्शनचा धोका पहिल्या वेळेपेक्षा त्यात जास्त असतो, आणि बॅटरी जपायचं हेही एक कारण आहे.

चुंबक, मोबाईल, एमआरआय

पेशंट सगळ्यात जास्त याच गोष्टींना घाबरतात, खरा धोका त्यामानाने कमी आहे. पेसमेकरवर चुंबक ठेवलं की तो बहुतेक मॉडेल्समध्ये सेन्सिंग सोडून ठरावीक गतीने ठोके द्यायला लागतो, चुंबक काढलं की पूर्ववत. मोबाईल डबीपासून 15 सेंटीमीटर लांब ठेवावा, त्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा, चुंबक असलेल्या फोनबाबत तर हे नक्की पाळावं. इंडक्शन शेगडीपासून 60 सेंटीमीटर अंतर ठेवावं. सिक्युरिटीच्या गेटमधून सरळ चालत जावं, तिथे रेंगाळू नये. मायक्रोवेव्ह, टीव्ही, मिक्सरने आजच्या यंत्रांना काही होत नाही. आर्क वेल्डिंग मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

हॉस्पिटलमधली उपकरणं जास्त महत्त्वाची. ऑपरेशनमधल्या कॉटरीने, म्हणजे विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या उपकरणाने, यंत्र गोंधळून गप्प बसू शकतं, शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे लहरींनी आतून दिलेला शेक, टाळायचीच, आणि रेडिएशन थेरपीत 10 मेगाव्होल्टच्या वरच्या किरणांमधून न्यूट्रॉन तयार होतात, ते सर्किटची मेमरी बिघडवू शकतात. एमआरआयसाठी अमेरिकेत 2011 पासून खास मंजूर पेसमेकर आहेत, पण डबी आणि लीड दोन्ही त्या प्रकारचे हवेत आणि स्कॅनआधी मोड बदलून नंतर परत पूर्ववत करायचा असतो. कुठल्याही ऑपरेशनआधी 'मला पेसमेकर आहे' हे सांगणं आणि यंत्राचं कार्ड जवळ ठेवणं यातच अर्ध्याहून जास्त काळजी येते.

बिघाड वाटतो पण नसतो

रात्री नाडी सेट केलेल्या गतीपेक्षा खाली गेली म्हणून घाबरून धावणारे पुष्कळ असतात. बऱ्याच यंत्रांत झोपेसाठी कमी गतीची सोय असते, काही यंत्रं हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यासाठी मुद्दाम थोडं जास्त थांबतात. घड्याळ किंवा ऑक्सिमीटर मधले लवकर आलेले कमजोर ठोके मोजत नाही आणि आकडा कमी दाखवतं. शंका असेल तर तपासून घ्यावं, पण चक्कर, धाप, बेशुद्धी यातलं काही नसेल तर घबराट नको. यातलं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर बाहेरून वाचणारा संगणक, लावून तपासणी, तिन्ही लागतात, आणि ठोका फारच मंद असेल तर बाहेरून तात्पुरतं पेसिंग. हृदय बंद पडलंच तर सीपीआर नेहमीसारखाच द्यायचा, विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड फक्त डबीपासून 8 सेंटीमीटर तरी लांब लावायचे.

फॉलोअप

बसवल्यावर 2 ते 12 आठवड्यांत पहिली सविस्तर तपासणी, मग दर 3 ते 12 महिन्यांनी, आणि बॅटरी संपत आली की 1 ते 3 महिन्यांनी. आता घरी ठेवलेल्या उपकरणातून किंवा फोनवरून यंत्राची माहिती आपोआप क्लिनिकला जाते, लीडचा इम्पीडन्स एका रात्रीत बदलला तरी कळतं, ही सोय मिळत असेल तर घ्यावीच. हात पहिले 4 ते 6 आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये, पण अजिबात हलवायचाच नाही असंही करू नये, खांदा आखडतो.

कंपनीने परत बोलावलेली मॉडेल्स हाही एक भाग. 1994 मध्ये टेलेक्ट्रॉनिक्सच्या अक्युफिक्स लीडमधली आकार देणारी तार तुटून बाहेर येते म्हणून त्या बाजारातून काढल्या, 2017 मध्ये अमेरिकेत साधारण 4 लाख 65 हजार पेसमेकरना सायबर सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर अपडेट सुचवला गेला. अशी सूचना आली की सगळ्यांचं यंत्र काढतातच असं नाही, डिपेंडंट पेशंट आणि बाकीचे यांचा निर्णय वेगळा होतो, कधी फक्त जास्त जवळून लक्ष ठेवणं पुरतं. पत्ता आणि फोन नंबर क्लिनिककडे अपडेट ठेवला नाही तर ही सूचना पोचतच नाही. 2016 पासून अमेरिकेत मंजूर असलेल्या लीडलेस पेसमेकरमध्ये, जो थेट हृदयातच बसवतात, वायर आणि डबीसाठी त्वचेखाली केलेला खिसा दोन्ही नाहीत, त्यामुळे वरचे अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत, पण बॅटरीची मर्यादा आणि थ्रेशोल्डचा प्रश्न तिथेही आहे आणि बॅटरी संपली की बहुतेकदा जुना तसाच ठेवून शेजारी नवा बसवतात.